चिकटपट्टीखालचं बटण

मी कणीक मळायचा एक जुना मिक्सर आहे, मित्रांनो, आणि मला माझ्याच ताकदीची भीती वाटते.

लंडनमधल्या हॅरोच्या एका फरसाणवाल्याकडे मी बारा वर्षं राबलो. "कणीक बघा, कशी लोण्यासारखी!" म्हणत लोक मला थोपटायचे. दुकान बंद झालं आणि रीडिंग शहराजवळच्या एका मराठी समर कॅम्पने मला उचललं. वर्षभर मी ताडपत्रीखाली पडून असतो. जुलै संपत आला की ऐंशी मुलांच्या पुऱ्यांसाठी माझी आठवण होते.

माझ्या तोंडावर एक जाळी आहे. ती उघडली की कडेचं बटण सुटतं आणि मी थांबतो. मध्येच पीठ घालताना त्याची अडचण होते, म्हणून कॅम्प चालवणाऱ्या वैजयंतीकाकूंनी ते बटण दाबून वर चिकटपट्टी मारली. आता जाळी उघडी असली तरी मी फिरतोच.

अशा माझ्यापुढे त्यांनी कॅम्पला आलेल्या वैभवीला उभं केलं. वय तेरा. सकाळी सहाला.

"ताई, पोरीला इथं नको," आचारी ज्ञानेश्वरकाका म्हणाले. "एवढ्या वयाच्या मुलांना कामाला लावायचं तर इथल्या कौन्सिलचं परमिट लागतं. असल्या किचनसाठी ते मिळतच नाही. आणि सातच्या आधी तर कुठलंच काम नाही."

"अहो, कामाला कोण लावतंय? घरचं कार्य आहे हे! तिच्या वयात आम्ही लग्नाच्या पंगती उठवल्यात."

फी घेऊन ऐंशी मुलं गोळा करायची, आणि म्हणे घरचं कार्य!

"काकू, माझा हात दुखतोय," वैभवी म्हणाली. "ब्रेक घेऊ?"

"एवढी कणीक होऊ दे."

कडेचं पीठ खरवडायला तिने हात आत घातला. ढगळ हूडीची बाही माझ्या कणीक मळणाऱ्या आकड्यात अडकली. मी ओढलं. तिचं मनगट मला लागलं, मित्रांनो, ती किंचाळली, आणि मला थांबता येईना.

काकांनी प्लग उपसला. बाही फाटली, मनगट लालबुंद झालं. बोटं वाचली.

काकू पांढऱ्याफटक पडल्या. घटाघटा पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "वाचलीस गं बाई! जा, बस जरा. अनुष्काला पाठव. बाह्या वर करून ये म्हणावं."

चिकटपट्टीला कुणी हात लावलेला नाही. बारा वर्षांची अनुष्का दारात उभी आहे, बाह्या कोपरापर्यंत सरकवून.

मित्रांनो, तुम्हाला कुणी असं उभं केलं तर नाही म्हणा. मोठ्यांदा म्हणा. उद्धट म्हणतील, म्हणू देत. मला नाही म्हणता येत नाही.

प्लग अजून काकांच्या हातात आहे. काकू म्हणतायत, "लावा."

काका, लावू नका.