मागच्या भिंतीकडची माणसं

"नाव लिहिणार असाल तर मी आत्ताच उठतो," मुकादम म्हणाला आणि खरंच उठला.

नर्सबाईंनी त्याला अडवलं नाही. दवाखाना बंद झाल्यावर त्यांनी दगड घासायच्या कारखान्यातल्या माणसांना इथे बोलावलं होतं. आले होते तेही चोरासारखे. बाईंना प्रत्येकाचा खोकला पाठ होता. दाराबाहेर कोण आलंय हे त्या न बघता सांगत. पण एकाचं दुखणं दुसऱ्याला ठाऊक नव्हतं. जो तो "साधी सर्दी आहे हो" म्हणत औषध नेई आणि जाताना, मालकाला कळू देऊ नका म्हणून हात जोडी. छाती भरलेल्या माणसाला मालक दुसऱ्या दिवशी घरी बसवायचा.

"कारखाना तपासणी खात्याला धुळीचं मी एकटीने सांगून पाहिलं," बाई म्हणाल्या. "ढिम्म हलत नाहीत. सगळ्यांची माहिती एकत्र गेली, तर यावंच लागेल त्यांना. पण तुमच्या संमतीशिवाय मी एक अक्षर बाहेर देणार नाही."

"एकत्र म्हणजे यादीच की. आणि यादी फुटते, बाई," मुकादम दारात थांबून म्हणाला.

"मग नावं नकोतच." बाईंनी फळ्यावर कारखान्याचा आराखडा काढला. "ज्याला धाप लागते त्याने आपल्या मशीनवर फुली मारायची."

"कुठल्या मशीनवर कोण, हे मालकाला झोपेतही सांगता येईल!" मागून कुणीतरी म्हणालं. खोलीभर हशा पिकला.

बाईंनी मशीनं पुसली आणि शेडचे फक्त भाग पाडले. दाराकडचा, मधला, मागच्या भिंतीकडचा. "आता सांगा, यात कोण सापडेल? मी पाठ करून उभी राहते. आणि हे चित्र कुणाला दाखवायचं ते तुम्ही ठरवायचं. नको वाटलं, तर इथेच पुसून टाकू."

त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. कुणी हललं नाही. मग शेवटचं बाक करकरलं. पाठोपाठ आलेला श्वास बाईंनी ओळखला. त्या गर्रकन वळल्या.

"अहो, तुम्ही बसा," त्या हळूच म्हणाल्या.

त्यांचा नवराही त्याच कारखान्यात होता. धाप लागते म्हणून पाठीला उशी लावून बसल्या बसल्या झोपणारा नवरा. हे घराबाहेर जायचं नाही, असं बाईंनीच त्याला बजावलं होतं.

"लोकांच्या छातीचं विचारतेस," तो म्हणाला, "आणि माझी पाळी आली की बसा?"

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी हातातला खडू पुढे केला. नवऱ्याने मागच्या भिंतीकडे फुली मारली आणि धापा टाकत तिथेच उभा राहिला.

मग एकेक जण उठू लागला. या वेळी बाईंनी पाठ केली नाही आणि कुणी तसं म्हटलंही नाही. दाराकडे तुरळक फुल्या पडल्या. मागच्या भिंतीकडे मात्र फुलीवर फुली चढली, जागा उरली नाही. सगळे त्या कोपऱ्याकडे बघत राहिले.

"धूळ बाहेर जायची खिडकी होती तिथे," मुकादम दारातूनच म्हणाला. "माल ठेवायला मालकाने बुजवून घेतली. माझ्यासमोर. आणि तिथे कुणाला बसवायचं, ते मीच ठरवतो."

तो परत आला आणि त्याने दाटीतच एक फुली मारली. "मीही तिथंच असतो दिवसभर. चित्र खात्याकडे मी नेतो. कोण येतंय?"

बरेच हात वर झाले.

खात्याची माणसं आली, पण लगेच नाही. चित्र घेऊन गेलेल्यांना दोनदा परत पाठवल्यावर सगळे एक दिवस काम सोडून त्यांच्या दारात जाऊन बसले, तेव्हा आली. भिंत फोडली गेली, धूळ ओढणारं यंत्र बसलं. खात्याचा अहवाल बाईंनी त्याच खोलीत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. न कळलेलं वाक्य पुन्हा वाचलं. ज्यांना धाप लागत होती त्यांना कामावरून काढायचं नाही, हलकं काम द्यायचं, हेही त्यात होतं. बाईंच्या नवऱ्याला हलकं कामही झेपेना. तो घरी बसला.

सकाळी कामावर निघालेली मंडळी आता बाईंच्या दारापाशी थांबतात. नवरा कोपऱ्यापर्यंत त्यांच्याबरोबर चालत जातो. मध्येच त्याला दम लागतो, तो विजेच्या खांबाला धरून उभा राहतो. मग तेही थांबतात. कुणी आभाळाकडे बघतो, कुणी खिशात उगाच काहीतरी शोधत राहतो, आणि तो पाऊल उचलेपर्यंत कुणालाच ते सापडत नाही.