बाळंतिणींची वाकळ

माण तालुक्यात वाकळींना काय तोटा? घरटी पाच-सहा तरी निघतील. पण समीक्षानं मांडलेली वाकळ निराळी होती. ही गावचीच पोरगी, साताऱ्यात चित्रकला शिकून आलेली. तिनं बायकांना सांगितलं, प्रत्येकीनं आपल्या बाळंतपणातल्या लुगड्याचा तुकडा आणायचा आणि तेव्हा जे कुणापाशी बोलता आलं नाही ते त्यावर टाक्यांनी काढायचं. पुढं वाकळ साताऱ्याच्या प्रदर्शनात जाणार होती. कुणी काय काढलं ते मात्र विचारायचं नाही. ही अट बायकांना झेपायची नाही, असं पुरुष हसत म्हणाले. बाया पोटात किती काय ठेवतात, हे पुरुषांना कधी कळलंय?

रोज दुपारी बिरोबाच्या देवळाशेजारच्या खोलीत अकरा जणी वाकळीभोवती बसायच्या. त्यात उत्कर्षा सगळ्यात लहान. तासगावला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दीड महिन्याचा मुलगा मांडीवर. महिनाभर तिला धड झोप नव्हती. मुलाकडं पाहिलं की तिला घरामागची विहीर दिसायची, आणि विहिरीत तो. हे सांगावं, तर सासरचे वेडी म्हणतील आणि पोर काढून नेतील. न सांगावं, तर एक दिवस आपलेच पाय तिकडं वळतील. इकडं आड, तिकडं विहीर म्हणतात. तिच्या नशिबी दोन्हीकडं विहीरच होती.

तिनं आपल्या पिवळ्या तुकड्यावर पाळणा काढायला घेतला. दुसऱ्या दिवशी पाहते तर पाळण्याच्या जागी चौकोनी काठ, आत उतरत गेलेल्या पायऱ्या आणि तळाशी एक बारका ठिपका. कुणीतरी थट्टा केली असेल म्हणून तिनं मुकाट्यानं सगळं उसवलं. समीक्षानं रोजच्यासारखं खोलीला कुलूप लावून किल्ली घरी नेली. तिसऱ्या दिवशी विहीर पुन्हा तिथंच होती. बोट लावलं तर दोरा ओला लागला.

शेजारी बसलेल्या तिच्या आईचं, सुलाबाईचं लक्ष गेलं आणि हातातली सुई गळून पडली. वाकळ शिवणाऱ्या बाईचा टाका अक्षरासारखा ओळखू येतो. हा टाका बारीक, थोडा तिरका, दर चौथा दुहेरी घेतलेला.

"ह्यो तर आमच्या जाऊबाईंचा टाका हाय," सुलाबाई पुटपुटली.

शालूबाई, सुलाबाईची थोरली जाऊ, तीस वर्षांपूर्वी तान्ह्या पोरासकट त्याच विहिरीत गेली होती. पाणी भरताना पाय घसरला, असं गावानं ठरवलं आणि सगळे मूग गिळून बसले. आता एकेक बाई पुढं वाकून बघू लागली. ज्या कधीकाळी शालूबाईसोबत शिवायला बसल्या होत्या, त्यांना दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. बाहेर रणरणतं ऊन होतं, आणि खोलीत शेवाळाचा वास सुटला होता. उत्कर्षाला घाबरायलाही त्राण उरलं नव्हतं.

अखेर शालूबाईची शेजारीण बनुबाई बोलली. "पाय घसरला न्हवता. आदल्या दिशी ती माझ्या दारात आली हुती. म्हनली, बने, पोरगं घे माझ्याकडनं, माझा मला भरवसा न्हाई. मी म्हनलं, ओल्या बाळंतिणीला असंच हुतं, जा घरला."

उत्कर्षाला मागून कुणीतरी कोपरानं ढोसल्यासारखं झालं. मागं नुसती भिंत होती.

"मलाबी हीर दिसती," ती म्हणाली. "रोज दिसती. पोरगं घ्या माझ्याकडनं."

"आगं, ओल्या बाळंतिणीला..." सुलाबाईच्या तोंडून निघालं, आणि तिनं स्वतःच तोंडावर हात दाबला.

बनुबाई गुडघ्यांवर सरकत वाकळ ओलांडून आली. तिनं दोन्ही हात पुढं केले आणि पोर छातीशी धरलं. "उद्याच्याला दहिवडीला डाक्टरकडं जाऊ," ती सुलाबाईला म्हणाली. "हिच्या सासरी काय सांगायचं ते मी सांगते." मग तिनं उत्कर्षाच्या चेहऱ्याकडं कितीतरी वेळ पाहिलं.

"घेतलं गं, शालू," ती म्हणाली.

कुणीही तिची चूक सुधारली नाही.