पंपवाल्याच्या घरची गळती

“आई, हात लावून बघ. एक थेंब बाहेर येत नाही आता!”

पोरगा तळ्याच्या कठड्यावर थाप मारून सांगत होता. भाचीच्या बाळंतपणाला ती महिनाभर गेली, तेवढ्यात त्यानं मागच्या अंगणातल्या तळ्याला आतून गुळगुळीत गिलावा करून घेतला होता. आईला खूश करायचं म्हणून. खूश करण्याआधी माणसाला विचारावं, एवढी अक्कल माया करणाऱ्यांना कधी नसते.

ती कठड्याबाहेर बघत होती. वेखंडाची पाती शेंड्यापासून पिवळी पडली होती. लव्हाळे आडवे झाले होते. कर्दळीच्या बुडाशी बारमाही चिखल असायचा, तिथे माती तडकली होती.

“पाणी नाही घातलंस?”

“रोज घातलं गं, पाइपनं! तरी माना टाकल्या.”

“वरून घालून भागत नाही रे यांचं. यांना पायाशी ओल लागते. सतत.”

नवरा तिचा पंपवाला. होता. कसलीही गळती असो, त्यानं हात लावला की बंद. आणि त्याच्याच घरचं तळं गळायचं! शेजारचा टेलर कुंपणावरून टोचायचा, “काय पंपवाले, जगाची दुखणी बरी करता आणि घरचं नाक वाहतंय?” हा पाना पुसत म्हणायचा, “ते मालकिणीचं खातं. तिथे आम्हाला कोण विचारतं?”

खरं काय ते तिला ठाऊक होतं. संसाराच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यानं लाजेखातर तळ्याची ती गळकी चीर बुजवली, आणि ओलीवर लावलेली तिची झाडं मलूल झाली. ती नर्स; रात्रपाळ्या चालू होत्या, भांडायला वेळ कुठला! एका सकाळी ड्यूटीवरून आली, तर गडी छिन्नी घेऊन पाण्यात उभा. स्वतःचंच काम फोडत होता.

“अहो, लोक हसतील.”

“हसू देत. तुझी झाडं वाळली तर घरात कोण हसणार आहे?”

असलं बोलणारा माणूस पुढे तिला इस्पितळातल्या एकाही डॉक्टरात दिसला नाही.

तिनं हे सगळं सांगितल्यावर पोराचं तोंड एवढंसं झालं. त्यानं छिन्नी-हातोडा आणला. “कुठे होती चीर?”

तिनं पाण्यात हात घालून भिंत चाचपली. सगळीकडे सारखीच गुळगुळीत. इतकी वर्षं तिनं ओल बघितली होती. चीर कधी बघितलीच नव्हती.

“इथे असेल.”

पोरानं फोडलं. पाणी झिरपलं, ओघळलं, आणि झाडांकडे पाठ फिरवून भलतीकडेच, कपड्यांच्या दोरीखालच्या उघड्या कोपऱ्यात गेलं.

“झाली बोंब! थांब, बुजवतो. दुसरीकडे फोडू.”

“फोडून फोडून बाबांची जागा सापडणार आहे का?” ती ओघळाच्या मागोमाग दोरीपर्यंत गेली. “राहू दे. कुदळ आण.”

वेखंडाचा गड्डा तिनं नखानं टोकरला. आत जीव होता. तिखट वास आला. सुकलेली पाती छाटून तिनं तो दोरीखालच्या ओलीत बसवला, माती तळव्यानं दाबली. मग लव्हाळे. मग कर्दळ, पोरानं दोन्ही हातांवर तोलून आणलेली.

उन्हं उतरली तेव्हा पोरगा जुन्या जागेवरचे खड्डे बुजवायला निघाला. तिनं त्याचं मनगट धरलं.

“आजच्या दिवस असू देत ते.”