राहत्या पत्त्याचं पत्र

पडेगावच्या त्या नव्या सोसायटीत दुष्काळाच्या साली दोन गोष्टी रोज न चुकता येत. एक पाण्याचा टँकर आणि दुसरा नानासाहेबांचा संताप.

नानासाहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, सोसायटीचे अध्यक्ष. सरकारनं आरोग्य विमा सगळ्यांना लागू केला, तेव्हापासून गेटपाशी खुर्ची टाकून ते शेजारच्या वैजनाथरावांशी भांडत.

"मतांसाठी तिजोरी उधळतायत! कर भरायचा आम्ही, ऑपरेशनं करून घ्यायची फुकट्यांनी!"

"तुमच्या पक्षानं आणली असती योजना, तर पेढे वाटले असते तुम्ही," वैजनाथराव डिवचत.

हे ऐकत वॉचमन सांडू टँकरचा पाइप ओढायचा. चार पावलं टाकली की धाप. हृदयाची झडप खराब झालेली. ऑपरेशन योजनेत बसत होतं. पण त्याला रेशनकार्ड लागे, आणि गावचं कार्ड भावाच्या नावावर, त्यात सांडूचं नाव नव्हतं. नवं काढायला सोसायटीचं राहत्या पत्त्याचं पत्र हवं होतं.

"साहेब, तेवढी एक सही..."

"सांडू, तुझ्याशी माझं वैर नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. मीटिंगमध्ये ठेवू."

मीटिंग दोनदा झाली. एकदा पक्षावरून मोडली, एकदा पार्किंगवरून.

शेवटी सांडूची भाची निशा आली. ती दवाखान्यात नर्स. गेटवरच तिनं नानासाहेबांना गाठलं.

"काका, टँकरची वर्गणी सगळ्या घरांना सारखीच ना?"

"अर्थात."

"दोन माणसांच्या घराला अन् आठ माणसांच्या घराला बी? मंग त्या आठ जणांना फुकटे का नाय म्हणत?"

"अगं, पाण्यावाचून माणूस मरेल!"

"अन् झडपेवाचून?"

नानासाहेबांनी खुर्ची मागं सरकवली.

"खर्चावर भांडा की! मधल्यामधी कोण पैसा खातंय, ते विचारा. लई गरज हाय त्याची. पण तुमची बायपास झाली तवा बिल सरकारनंच दिलं ना? तवा कुठं गेलं होतं तत्त्व?"

"तो माझा हक्क होता!" नानासाहेब ओरडले.

"व्हय. मामाचा बी तोच हाय."

नानासाहेब तरातरा वर गेले. त्यांना जेवण गेलं नाही. सकाळी पत्र लिहून, शिक्का मारून ते खाली आले, तर सांडूच्या खोलीला कुलूप! पहाटेच त्याला दवाखान्यात नेलं होतं. दुपारी तो परत आला, पांढऱ्या कापडात. अरेरे! एका सहीला अठ्ठावीस दिवस!

तिसऱ्या दिवशी नानासाहेब पत्र घेऊन त्याच्या बायकोपुढं उभे राहिले. "पारूबाई, मी चुकलो गं..."

पारूबाईनं वर पाहिलं नाही. नुसता हात पुढं केला. "द्या. मयताचा दाखला काढायला लागतं म्हणं."

त्या आठवड्यात नानासाहेब दारोदार फिरले. आवारातल्या खोल्यांत राहणाऱ्या धुणंभांडीवाल्या बायांची, जिने झाडणाऱ्यांची पत्रं त्यांनी स्वतः लिहिली. वैजनाथराव शिक्का मारत होते. दोघांचं भांडण चालूच होतं, पण हात थांबत नव्हते.

नागरिकहो, योजना कुणाची, पैसा कुठून, यावर जरूर भांडा. मात्र ते भांडण मिटेपर्यंत गरिबाचा कागद अडवून धरू नका. तुमचं मत चुकलं तर पुढच्या निवडणुकीत बदलता येतं. गेलेला सांडू कुठल्याच निवडणुकीत परत येत नाही!