पाहुण्यांसमोर मुकादम

सोनियानं जुन्या पंच्याची घडी मुकादमाच्या पोटाखालून ओढून घेतली, दोन्ही टोकं एका मुठीत धरली आणि दुसऱ्या हातानं साडीच्या निऱ्या वर खोचल्या. मग ती गुडघ्यांतून सावकाश उठली. तिच्याबरोबर मुकादमाचं मागचं अंगही वर आलं. पुढचे दोन पाय त्यानं स्वतःच रोवले, मान ताठ केली आणि गोठ्यामागच्या शेवग्याकडे असा निघाला, की जणू त्याला कुणी धरलेलंच नाही.

"अगं, पाहुणं येऊन टेकतील आता!" मागच्या दारातून फुलाबाई ओरडली. "रेशमी साडी नेसून कुत्रं फिरवतीस व्हय?"

"फिरवत न्हाई, आत्या. नुसतं धरलंय."

फुलाबाई म्हणजे सोनियाच्या वडिलांची थोरली बहीण. नसरापूरहून ती सकाळच्या पहिल्या एसटीनं आंबवड्याला येऊन थडकली होती, कारण हे स्थळ तिनं आणलं होतं. मुलगा विंझरचा, स्वतःची भातगिरणी, निर्व्यसनी. असं स्थळ हातचं घालवायचं नाही, असा तिनं चंगच बांधला होता.

मुकादमाची आई गावठी होती आणि बाप कुठल्याशा फार्महाऊसवरचा अल्सेशियन. भातलावणीच्या दिवसांत तो बांधावर बसून असायचा. कुणी बाई कंबरेवर हात ठेवून जरा जास्त वेळ उभी राहिली की एकदाच भुंकायचा. म्हणून बायकांनीच त्याचं नाव मुकादम ठेवलं. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला त्याचं मागचं पाऊल फरशीवर घासू लागलं. आधी नखं झिजली, मग पाऊल उलटं पडू लागलं, मग मागचे दोन्ही पाय त्याचे राहिलेच नाहीत. भोरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. पुण्याच्या डॉक्टरांनी पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंचा आजार सांगितला. दुखत नाही, पण थांबतही नाही. आज मागचे पाय, पुढे कधीतरी पुढचे.

त्या दिवशी सगळे टेम्पोतून परतत होते. मुकादम खिडकीतून तोंड बाहेर काढून येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकवर भुंकत होता. ते पाहून कुंडलिक, सोनियाचे वडील, एकदम हसले. "ह्याला कुणी सांगितलं न्हाई वाटतं," ते म्हणाले. तेव्हापासून घरानं तीच रीत धरली. सगुणाबाईनं, म्हणजे सोनियाच्या आईनं, जुन्या स्वेटरचे मोजे शिवले. कुंडलिकांनी गुळगुळीत फरशीवर पोती अंथरली. भोरला मेडिकलच्या दुकानात कामाला असलेली सोनिया संध्याकाळी घरी आली, की चहाच्या आधी त्याचे पाय चोळायला बसायची. मुकादमानंही आपलं काम वाटून घेतलं. उठायचं असेल तेव्हा तो एकदाच हाक मारायचा आणि वाट बघायचा.

मागच्या स्थळाला सोनियानं सरळ विचारलं होतं, "कुत्रा बरोबर आणला तर चालेल का?" ती माणसं हसली होती. त्यांना ती चेष्टा वाटली. सोनियानं चहाचे कप उचलले होते आणि विषय तिथंच संपला होता.

म्हणून आज फुलाबाईचा हुकूम होता. मुकादम गोठ्यात, दार ओढलेलं, आणि त्याचं नाव कुणी काढायचं नाही.

पाहुणे दोघंच आले. मुलगा हनुमंत आणि त्याचे वडील रखमाजी. गाडी त्यांनी लांब देवळापाशी लावली होती.

"दारात आणायची की," कुंडलिक म्हणाले. "वाट हाय चांगली."

"न्हाई, तितंच सावली बरी हाय," रखमाजी घाईनं म्हणाले आणि टोपी सारखी केली.

"आन् विहीणबाई?" फुलाबाईनं एक पाऊल पुढंच टाकलं.

"तिला आणणारच हुतो. पर गुडघं धरल्यात तिचं. बसवत न्हाई गाडीत."

"आमच्या हितं तेल लावून देणारी एक बाई हाय, लई चांगला हात..." सगुणाबाईनं सुरुवात केली.

"नको, नको. व्हईल बरं." रखमाजींनी पोह्यांची बशी जवळ ओढली.

हनुमंत खाली बघत होता. सोनिया चहा घेऊन आली, तेव्हा त्यानं मान वर केली, कप घेतला आणि पुन्हा खाली बघू लागला. अबोल आहे की शिष्ट, हे तिला ठरवता येईना.

शेतीवर बोलणं झालं, गिरणीवर झालं, यंदा इंद्रायणी तांदळाला भाव कसा, यावर झालं. आणि मग गोठ्यातून हाक आली. एकच.

कुंडलिकांनी पोह्यातला शेंगदाणा शोधायला घेतला. सगुणाबाईनं डोक्यावरचा पदर उगाचच पुन्हा घेतला.

"शेजारचं हाय," फुलाबाई म्हणाली. "बांधत्यात आन् जात्यात निघून. काय एकेक माणसं तरी!"

पुन्हा हाक आली. यावेळी जरा चढ्या आवाजात, शेवटाला ओढ देऊन.

सोनियानं हातातला ट्रे टीपॉयवर ठेवला.

"आत्या, आपलंच हाय ते." ती रखमाजींकडे वळली. "मुकादम नाव त्याचं. मागचे पाय गेलेत. त्याला उठवावं लागतं. तुम्ही चहा घ्या, मी आलेच."

ती गेली. फुलाबाईनं डोळे मिटून घेतले होते. कुंडलिक खाकरले.

"पोरापोरीनं दोन शबूद बोलायचंच असत्यात," ते म्हणाले. "हनुमंतराव, तुमी बी जावा की मागच्या अंगाला."

हनुमंत आधीच दारात चपला शोधत होता.

गोठ्यात सोनिया पंचा पोटाखाली सारत होती. मुकादम अधीर झाला होता आणि घडी सारखी निसटत होती. हनुमंत दारात थांबला.

"धरू का मी?"

"जमणार न्हाई तुम्हाला. अंग सोडतो तो."

तो आत आला आणि मुकादमाच्या मागं न जाता आधी त्याच्या तोंडासमोर उकिडवा बसला. हात पुढं करून हुंगू दिला. "उठायचं न्हवं?" त्यानं विचारलं आणि खरोखरच उत्तराची वाट बघितली. मग मागं येऊन त्यानं पंचा उलगडला, रुंद करून पुन्हा घडी घातली आणि मांड्यांच्या जरा पुढं घेतली. उचलायची घाई केली नाही. मुकादमानं पुढचे पाय टेकवल्याबरोबर, त्याच क्षणी, तोही उठला. पाठ सरळ ठेवून, गुडघ्यांतून.

शेवग्यापर्यंत तो मुकादमाच्या चालीनं चालला. वाटेत मागचं पाऊल उलटं पडलं, तेव्हा त्यानं आपल्या पायाच्या अंगठ्यानं ते हळूच सरळ केलं. खाली बघितलंही नाही.

सोनिया त्याच्या हातांकडे बघत राहिली होती.

"तुमच्याकडं कुत्रं हाय?"

"न्हाई."

"मग हे कुठं शिकला?"

हनुमंतानं शेवग्याकडे बघितलं. मुकादम आपला कार्यभाग निवांत उरकत होता.

"आई हाय," तो म्हणाला. "कंपवात हाय तिला. गुडघं बिडघं काय न्हाई. हात थरथरतात, तोल जातो. कधी चालता चालता पायच जागचा हलत न्हाई. आबांनी दोन ठिकाणी खरं सांगितलं, तर लोक चहा पिऊन गेले ते परत आलेच न्हाईत. म्हणून आता गुडघं."

सोनियानं साडीचा पदर खांद्यावर ओढून घेतला.

"म्हणजे घरात करायला बाई पायजे," ती म्हणाली. आवाज शांत होता, पण नजर नव्हती.

"करायला मी हाय की." त्याला राग आला नाही, उलट असं कुणीतरी विचारावं म्हणून तो थांबला असावा. "आंघोळ घालायला शेजारची बाई येते, बाकी मी आन् आबा. तुम्ही दुकान सोडायचं न्हाई. विंझरहून लांब पडंल, पर गाडी हाय. तुम्हाला हे सांगितल्याबिगर मी होकार देणार न्हवतो. आबांना तसं बोललोय."

मुकादमानं मान वळवून दोघांकडे बघितलं. त्याचं झालं होतं.

"ह्याचे पुढचे पण जाणार?" हनुमंतानं विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, जातील."

"आईचं बी वाढतच जाणार म्हणतात."

"मग?"

"मग काय. आज चालती की."

सोनियाला हसू आलं. ते कशाचं, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. "तुम्ही दोघं इकडं आलात, मग आत्ता त्यांच्यापाशी कोण हाय?"

हनुमंताचे कान लाल झाले.

"ती गाडीत हाय."

"काय?"

"घरी राहायलाच तयार न्हाई. 'पोरगी मला बघायची न्हाई तर कुणाला?' म्हणती. आबा म्हणाले, मग गाडीत बसायचं, उतरायचं न्हाई. काचा उघड्या हायेत. शेंगा दिल्यात खायला."

सोनियानं पंच्याचं एक टोक त्याच्या हातातून घेतलं. "चला."

देवळाच्या वाटेवर त्या दुपारी ज्यांनी बघितलं, त्यांनी पुढं बरेच दिवस ते सांगितलं. रेशमी साडीतली मुलगी, इस्त्रीच्या शर्टातला मुलगा, आणि दोघांच्या मध्ये पंच्याच्या झोळीत मागचं अंग टाकून ऐटीत चाललेला मुकादम. ओळखीच्या प्रत्येक दारासमोर त्याला थांबायचं होतं, त्यामुळं वेळ लागला.

गाडीचं दार उघडंच होतं. हनुमंताची आई ठकुबाई सीटवर आडव्या बसून पाय बाहेर सोडून होत्या, आणि समोर देवळापाशी नारळ विकणारी साळूबाई टोपली घेऊन मांडी घालून बसली होती. दोघींमध्ये शेंगांच्या टरफलांचा ढीग झाला होता.

"हीच का?" ठकुबाईंनी साळूबाईला विचारलं. आवाज बारीक होता, पण डोळे लखलखीत होते. "ये गं. तुजी समदी म्हाईती काढलीया म्या. आठवीत भांडून डोकं फोडलंतंस एकाचं."

"त्यानं आधी दगड मारला होता," सोनिया म्हणाली.

"मंग बरूबर हाय." ठकुबाईंचा हात मांडीवर थरथरत होता. त्यांची नजर खाली गेली. मुकादम दमून त्यांच्या पायाशी बसला होता, मागचे पाय एकीकडं टाकून. त्यांनी त्याला बराच वेळ निरखलं. "ह्याचं बी माज्यावानीच दिसतंया," त्या म्हणाल्या. "पर तोरा बघा मेल्याचा!"

साळूबाई इतकी हसली की टोपलीतला एक नारळ घरंगळला.

परत येताना हनुमंतानं आईला धरलं, सोनियानं मुकादमाला. वळणावर ठकुबाईंचे पाय अडकले. हनुमंत नुसता उभा राहिला. सोनियाही थांबली. मुकादमानं मागं वळून पाहिलं, कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या बायकांकडे बघायचा तसं, आणि एकदा भुंकला. ठकुबाईंना हसू फुटलं आणि हसता हसता पाय उचलला गेला.

ही वरात अंगणात शिरली, तेव्हा रखमाजी उठून उभे राहिले, बसले, पुन्हा उठले. टोपी हातात घेतली.

"कुंडलिकराव, माजं चुकलं. म्या तुमाला..."

"आवं, बसा," कुंडलिक म्हणाले. "शेजाऱ्याचं कुत्रं बी आलंय की संगट."

फुलाबाई तेवढ्यात कुठूनतरी दोन उशा घेऊन आली. एक तिनं ठकुबाईंच्या पाठीशी लावली. दुसरी तिच्या हातातच राहिली. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि ती मुकादमाच्या मागच्या पायांखाली सरकवली.

सोनिया आत गेली. तिनं कपबशी बाजूला सारली, फळीवरून स्टीलचा मोठा पेला काढला आणि त्यात अर्धाच चहा ओतला. कुंडलिक मागोमाग आले आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. मुलीचं तोंड त्यांना दिसत नव्हतं.

"काय सांगू त्यास्नी?"

सोनियानं पेल्याची कड पुसली. मग पुन्हा पुसली.

"अण्णा, त्यांच्या घराला पायऱ्या हायेत का, तेवढं विचारा."

कुंडलिकांना आधी कळलं नाही. मग कळलं. पेला घेऊन ते बाहेर गेले, तो त्यांनी ठकुबाईंच्या दोन्ही हातांत नीट बसवला, आणि घसा साफ केला.

"रखमाजीराव, तुमच्या घराला पायऱ्या किती हायती म्हणायच्या?"

रखमाजी गोंधळले. घर, जमीन, गिरणी, सगळ्याची उत्तरं त्यांनी तयार करून आणली होती. हा प्रश्न त्यांत नव्हता. त्यांनी मुलाकडं बघितलं.

"एकबी न्हाई," हनुमंत म्हणाला. तो कुंडलिकांकडे नाही, आतल्या दाराकडे बघत होता. "आईसाठी फोडून टाकल्या. पुढं आन् मागं, दोन्हीकडं उतार केलाय."

आत सगुणाबाईनं मुलीकडं पाहिलं. सोनियानं तांदळाच्या डब्याचं झाकण काढलं होतं. पहिलं माप तिनं परातीत ओतलं, मग दुसरं, आणि जरा थांबून आणखी एक.