पुडीचा गुण

शिवणकारखान्याच्या फाटकापासून पुडीबाबांच्या खोलीपर्यंत रांग लागली होती. कँटीनचं जेवण बाधलं होतं. जो तो पोट धरून उभा. बाबा पांढऱ्या पुडीवर फुंकर घालत आणि म्हणत, "शंका घेऊ नकोस, जुलाब पळाले समज." आजवर बहुतेकांचे पळालेही होते. मग डॉक्टरकडे जातंय कोण?

माझी वहिनी त्याच कारखान्यात काजं-बटणं करायची. तिनं डब्यातून घरी आणलेले घास माझ्या सहा वर्षांच्या भाचीनंही खाल्ले. मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. आधी तपासून घेऊ, असं मी म्हटलं, तर दादानं मला गप्प केलं. वहिनीनं पोरीला दोन पुड्या दिल्या. दुसऱ्या दिवशी रक्त पडू लागलं, चौथ्या दिवशी लघवी थांबली. तेव्हा तिला इस्पितळात नेलं. आठव्या दिवशी तिथंच ती वारली.

बाबा घरी येऊन सांगून गेले की घरातल्या शंकेखोर बाईनं पुडीचा गुण मारला. दादानं माझ्याशी बोलणं टाकलं.

एक पुडी उरली होती. जंतू वाढवलेल्या बशीत मी ती चिमूटभर टाकली. सकाळी तिच्याभोवती स्वच्छ गोल कडं पडलं होतं. तिथले जंतू मेले होते. पुढच्या तपासणीत कळलं, पुडीत अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणाऱ्या औषधी गोळ्यांची पूड होती. गुण फुंकरीचा नव्हता.

"मग पोरगी का गेली?" मी आमच्या डॉक्टरबाईंना विचारलं.

त्यांनी समजावलं. तिच्या पोटातल्या जंतूंच्या आत एक विषाणू दडून बसला होता. विष बनवण्याची कृती त्या विषाणूनंच जंतूत आणलेली. काही औषधांचा घाव बसला की तो जागा होतो, वाढतो, जंतू फोडून बाहेर पडतो आणि विष सगळीकडे पसरतं. मोठी माणसं बहुधा सोसतात, लहान मुलांची मूत्रपिंडं बंद पडू शकतात.

"पुडी दिली नसती तर?"

"कदाचित तरीही गेली असती. पण न तपासता दिलेल्या औषधानं धोका वाढला, एवढं खरं."

हे घरी सांगितलं तर माझ्यावरचा आळ जाणार होता, पण पुड्या वहिनीच्या हातून गेल्या होत्या. तीन दिवस माझी जीभ उचलेना. चौथ्या दिवशी शेजारीण जुलाबानं मलूल झालेल्या लेकराला कडेवर घेऊन बाबांच्या रांगेकडे निघालेली दिसली, तेव्हा मी वहिनीपाशी बसले आणि सगळं सांगितलं.

ती बराच वेळ पोरीच्या फ्रॉकच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्याच हातानं."

"तुला ठाऊक नव्हतं, वहिनी. पुडीत काय आहे हे त्या बाबाला ठाऊक होतं."

ती उठली, पायात चपला न घालताच रांगेत गेली आणि शेजारणीचा हात धरून म्हणाली, "माझ्या मुलीला मी हीच पुडी दिली होती. तू नको देऊस." बाबा म्हणाले, दुःखानं हिचं डोकं फिरलंय. रांग हलली नाही. शेजारीण तेवढी बाहेर पडली, आणि आम्ही तिघी त्या लेकराला घेऊन इस्पितळात गेलो.

जुलाबात रक्त दिसलं तर डॉक्टर गाठा. कुणी पुडी दिली तर आत काय आहे ते विचारा, आणि सांगत नसेल तर घेऊ नका. विचारल्यानं औषधाचा गुण जात नाही. न विचारल्यानं आमची पोर गेली असेल, आणि तिची आई हे रोज मनाशी बोलते.