गुढियारीच्या फ्लॅटचा टॅक्स

छातीवर हात ठेवून, पुऱ्या मोहल्ल्याले ऐकू जाईन असं सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माह्या तोंडातले उरलेले चार दातही आजच पडो.

गुढियारीतला फ्लॅट मी आणि माही नणंद प्रेमला, दोघींनी अर्धे-अर्धे पैसे टाकून घेतला होता, भाड्यानं द्यायले. सोळा वर्षं किरायेदारांच्या मागं फिरून जीव थकला. यंदा अठ्ठावीस लाखांत विकला. चौदा तिचे, चौदा माहे.

प्रेमला माह्या पोराच्या, निरंजनच्या घरी हॉलमधल्या खाटेवर झोपे. तिचा नवरा गेला तेव्हापासून. तिले तात्यापाऱ्यात दोन खोल्यांचं घर दिसलं, पंचवीस लाखांचं.

"वहिनी, मले आतून कडी लावता येईन असं एक दार पाहिजे," म्हणे.

चौदा लाखांत दार येते, खोल्या येत नाहीत. आणि निरंजन माह्या हिश्शाच्या पैशांत गाडी पाहून राहिला होता.

टॅक्सवाल्या अभिनवकडे तिसऱ्यांदा तीन माळे चढलो. लिफ्ट बंद. वर पोचलो तेव्हा दोघींले पाणी मागायचाही दम नव्हता.

"काकू, विकून जो फायदा झाला त्यावर टॅक्स लागते," अभिनव म्हणाला. "फ्लॅट एक, पण हिशेब दोघींचा वेगळा. त्यात काही काम केलं असन तर तो खर्च फायद्यातून कमी करू."

"केलं ना. अशा टाइल्स लावल्या का किरायेदारानं आरसा विकून टाकला, फरशीत पाहून दाढी करे. चिमण्या तळं समजून आंघोळीले येत."

"बिल आहे?"

"गोल बाजारातून घेतल्या बाप्पा. पक्कं बिल मागितलं असतं तर दुकानदारानं भाव वाढवला असता."

"कच्ची चिठ्ठी तरी?"

"तिच्यावर हिनं पापड वाळवले," प्रेमला म्हणाली.

अभिनवनं कपाळ चोळलं. "मग टाइल्स विसरा. तुमच्या हिश्शावर चार लाख टॅक्स बसते. पण दोन वर्षांत दुसरं घर घेतलं, फायद्याची रक्कम त्यात टाकली, तर काहीच नाही. एकाच घरात दोघींचा हिस्सा असला तरी चालते."

घरी जेवताना मी हे निरंजनले सांगितलं.

"चार लाख?" त्याचा घास हातातच राहिला. "इतके कसे?"

"मले काय विचारतं? मी सरकार आहो का?"

नात ईरा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणे, "तो दादी, घर ही ले लो ना. पापा की गाड़ी ईएमआई पर आ जाएगी."

निरंजननं वरण मागून घेतलं.

रजिस्ट्री दोघींच्या नावानं झाली. उरलेले पैसे स्टॅम्पात आणि चुन्यात गेले. आता मीही तात्यापाऱ्यात राहतो. चाळीस वर्षं जिच्याशी भांडलो तिच्याच संग म्हातारपण काढून राहिलो. दुपारी ती आपल्या खोलीले आतून कडी लावते. मी चहा घेऊन ठोठावतो, ती उघडत नाही. चहा मीच पिऊन टाकतो.

बरं, दात हलून राहिले, म्हणून सांगतो. चार लाखांचा आकडा मी माह्या मनानं बनवला. अभिनव पाऊण लाखाच्या आसपास म्हणाला होता. भरून मोकळ्या व्हा काकू, म्हणे. प्रेमला बाजूलेच बसली होती. निरंजननं विचारलं तेव्हा ती भात वाढत होती, वाढतच राहिली.